कॅसेटची दुसरी बाजू

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
२८ जानेवारी १९९६

दादा,
सप्रेम जयभीम.

एका गंभीर अन्यायाची नोंद व्हावी म्हणून हे पत्र. आमच्या घरात नऊ बॅगा आहेत आणि त्यातली एकही सुट्टीवर नेण्याच्या लायकीची नाही. सगळ्या इंडियाच्या. सत्तर-सत्तर पाउंड पोटात घ्यायला जन्मलेल्या, कमरेला नायलॉनची दोरी, अंगावर अनुपच्या जाड मार्करने चारही बाजूंनी 'नागपूर'. आठवडाभराचे तीन माणसांचे कपडे त्यातल्या एकीत टाकून पाहिले, तर तळाशी जाऊन असे बसले, जसे पंगतीला उशिरा आलेले पाहुणे. तेवीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या आपल्या लोकांकडेही छोटी बॅग नसते, हे मला आता कळलं. छोटी बॅग घेऊन आपण जाणार कुठे?

तर बातमी अशी, की आम्ही जातोय. जूनच्या शेवटी, शाळा सुटल्यावर. स्पेनचं मायोर्का नावाचं बेट आहे. ट्रॅव्हल एजंटने दिलेल्या पुस्तिकेत पाणी इतकं निळं आहे की त्यात कुणीतरी नीळ जास्त टाकलीय असं वाटतं. इथे आल्यापासून आमची सुट्टी म्हणजे इंडिया. आणि इंडिया म्हणजे सुट्टी नव्हे, ड्युटी. या वेळी मात्र आम्ही नागपूरला येणार नाही.

हे तुला आधी कळवतेय, कारण नंतर कळलं असतं तर तू नवा गुन्हा दाखल केला असतास. आई इथून परत गेली तेव्हापासून तू मला लिहीत नाहीस. माझी पत्रं कांतावहिनी मोठ्याने वाचतात आणि तू पेपर पुढे धरून बसतोस, हेही मला माहीत आहे. (वहिनी, जयभीम. आता त्यांच्या पेपरचं पान उलटायला सांगा. बराच वेळ एकच पान चाललंय.)

आईला शनिवारी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कोन आहे व तिथं आपलं?"

"कुणी नाही, आई."

"मंग जाता कायले?"

"कुणी नाही म्हणूनच."

मग म्हणाली, "पाह्य बाप्पा."

तुझी,
उपासना

---

श्रूजबरी
१० मार्च १९९६

दादा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. तुझं! तुझ्या हातचं! अनुपने पाकीट उजेडात धरून पाहिलं, आत नोटीस आहे का म्हणून.

तू लिहिलंयस, 'सहलीला जरूर जावे. यंदा इकडे येण्याची घाई करू नये. आईची काळजी नसावी. सर्व ठीक.' अरे, 'जावे', 'करू नये', 'नसावी'? हे तुझ्या ऑफिसातल्या परिपत्रकाचं मराठी माझ्या वाट्याला कधीपासून? दोन वर्षांपूर्वीचं तुझं शेवटचं पत्र मला पाठ आहे. 'आठ महिने म्हातारीला काचेच्या कपाटात ठेवलंस. समुद्र तासाभरावर, तोही दाखवला नाहीस.' ते पत्र वाचून मला राग आला होता, पण निदान ते तू लिहिलं होतंस. (जानेवारीत इथला समुद्र म्हणजे बर्फाचा कारखाना असतो, हे मी तेव्हा कळवलं होतं. तू ते ग्राह्य धरलं नाहीस.)

इकडे सुट्टीची बातमी फुटली आहे. परवा मराठी मंडळात बटाटेवड्यांच्या रांगेत चौघींनी विचारलं, "मायोर्का? तिथं कोण आहे तुमचं?" एरवी याच बायका मला "मूळ गाव कुठलं, आडनाव काय म्हणालात?" असं विचारतात, आणि आडनाव ऐकलं की वड्याकडे बघायला लागतात. या वेळी निदान प्रश्न नवा होता. बॉस्टनच्या स्पॅनिश वकिलातीत व्हिसाच्या खिडकीतली बाईही तेच विचारत होती. तिथे आमचं कुणीच नाही हे ऐकून खूश झालेली जगातली ती एकमेव व्यक्ती.

हर्षिताचा प्रश्न वेगळा आहे. "मॉम, व्हॉट डू पीपल डू ऑन व्हेकेशन इफ देअर आर नो आंटीज टू व्हिजिट?"

बॅगेचा प्रश्न मात्र सुटला. इथले आमचे स्नेही डॉक्टर नरेंद्र, त्यांच्या बायकोने, रेखाने, तिची छोटी हिरवी बॅग आणून दिली. चाकं आहेत, दोरी नाही. उघडली तर आत चिवड्याचा डबा. म्हणाली, "अगं, आमच्याकडे उसनी वस्तू रिकामी देत नाहीत." मी म्हटलं, आमच्याकडे रिकामी परत करत नाहीत. दोघी हसलो. ती आडनाव विचारणाऱ्यांतली नाही.

एक विचारायचं होतं. काल आई फोनवर बोलली, पण आवाज जड लागला. शब्द ओढून आणत होती. मी विचारलं तर म्हणाली, "कवळी काढली व." आणि वहिनींनी लगेच फोन घेतला. आई कवळी कधी काढते? झोपतानाही तिला सांगावं लागतं.

असेल कवळीच.

तुझी,
उपासना

---

श्रूजबरी
१५ एप्रिल १९९६

दादा,
सप्रेम जयभीम.

कालच्या फोनचं जरा बघूया.

जयंतीचा दिवस. दर वर्षी मी फोन लावते, पहिल्या घंटीला आई उचलते, आणि काही विचारायच्या आधी रस्त्यावरचे ढोल ऐकवायला रिसीव्हर खिडकीबाहेर धरते. दोन मिनिटं मी अमेरिकन दराने ढोल ऐकते. काल तू उचललास. ढोल होते, पण लांबून, बंद खिडकीतून आल्यासारखे.

"आई विहारात गेलीय," तू म्हणालास.

आईचे गुडघे विहाराच्या पायऱ्या चढत नाहीत. दोन वर्षांपासून ती ओट्यावरच्या खुर्चीत बसून वंदना ऐकते, आणि ती खुर्ची तूच काढून देतोस. हे सगळं मी मनात म्हणेपर्यंत वहिनी फोनवर आल्या. मी विचारलं, "आई कुठाय?" त्या म्हणाल्या, "अंघोळीला."

मी म्हटलं, "विहारात आता अंघोळीची सोय झाली का?"

आणि तू हसलास. मागून ऐकू आलं मला. दादा, माझ्या विनोदावर तू शेवटचा हसला होतास तेव्हा आपले बाबा हयात होते.

मीही हसले. फोन ठेवला. अनुप तिकिटांच्या पावत्या फाइलला लावत होता. मला बघून त्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. सगळे फार आनंदात आहेत."

हॉटेलची खोली समुद्राच्या बाजूची मिळाली आहे. अनुपने स्वतःसाठी हाफ पँट आणली आणि आरशासमोर असा उभा राहिला, जसा काही जामिनासाठी आलाय. हर्षिता स्पॅनिशमध्ये एक ते वीस मोजते. सगळं ठरल्यासारखं चाललंय, आणि मी सारखी दाराला कडी लावलीय का ते बघून येते.

एक कर. आईची कॅसेट बऱ्याच दिवसांत आली नाही. एरवी दिवाळीनंतर एक, होळीनंतर एक येतेच. फोनवर बिल पळतं म्हणून तिला बोलता येत नाही, टेपवर मात्र कुणाच्या म्हशीला काय झालं तेही सांगते. या वेळची होळी कोरडी गेली. तिला एक भरायला सांग. कवळी असो वा नसो.

तुझी,
उपासना

---

श्रूजबरी
१८ मे १९९६, सकाळ

दादा,
जयभीम.

कॅसेट आली! सोबतची तुझी चिठ्ठीही. 'आईने परवाच भरली. प्रकृती उत्तम. आपण निर्धास्तपणे जावे.' पुन्हा परिपत्रक. पण आज तुला सगळं माफ.

तिघं मिळून ऐकली. काय खणखणीत आवाज आहे म्हातारीचा! मी उगाच एवढे दिवस जीव टांगून बसले. तुझ्या धाकट्याचे मार्क सांगितले, वहिनींच्या नव्या मिक्सरची निंदा केली, शेजारच्या पुरुषोत्तमभाऊंनी गच्ची बांधताना आपल्या शेवग्याची फांदी तोडली त्यावर पाच मिनिटं. मग माझ्यावर आली. तू ऐकली असशील, तरी लिहिते, मला लिहून बघायचंय.

"तू तं चालली म्हने समुद्रावर. मी म्हटलं होतं, कोन आहे तिथं आपलं. मंग इचार केला. कोनी नाही तिथं बसून पाहावं मानसानं कधी. मले कुठं भेटलं? तुह्याकडे येतानी समुद्र पाह्यला मी, इमानातून. एवढा मोठा. पन आवाज नाही आला. समुद्राले आवाज असते म्हनतात ना? ह्या कॅसेटची दुसरी बाजू मी कोरी ठेवली. तिथं गेली का त्याच्यात समुद्राचा आवाज भर अन् धाड मले. आजपावतर एकबी कॅसेट भरून नाही धाडली तू. रिकामी नोको धाडू."

हर्षिता म्हणाली, "आजी साउंड्स ग्रेट." अनुपने डोळे पुसले आणि कांदा न चिरता कांद्याला दोष दिला.

मी छोटा टेपरेकॉर्डर आत्ताच हिरव्या बॅगेत ठेवलाय. जाते जरा बाजारात, आल्यावर पत्र पुरं करते.

संध्याकाळ

दादा, मी पुन्हा ऐकली. मग पुन्हा.

पहिल्यांदा कळलं नाही काय खुपतंय. आवाज आईचाच, शब्द आईचे. कॅसेट थांबवली की बरं वाटायचं आणि लावली की पुन्हा खुपायचं. शेवटी मी तिचं बोलणं ऐकायचं सोडलं आणि तिच्या मागचं ऐकलं.

मागे काहीच नाही.

मे महिना आहे, दादा. नागपुरातला. होळी झाली की आपल्या पुढच्या खोलीच्या खिडकीत कूलर लागतो, तो श्रावण लागेपर्यंत बंद होत नाही. बाबांनी आणलेला, एक पाय मोडलेला, विटेवर उभा. पाण्याची मोटर खरखरते, पंखा जाळीला घासतो, वाळ्याची ताटी टपटपत असते. त्या कूलरमुळे आपल्या अख्ख्या घराला ओरडून बोलायची सवय लागली. अनुप लग्नानंतर पहिल्यांदा मे महिन्यात आला तेव्हा त्याला वाटलं सगळे भांडताहेत. वहिनी त्याला फक्त पोहे वाढत होत्या. मे महिन्यात त्या खोलीत कूलर बंद करून अर्धा तास बोलत बसेल असा माणूस नागपुरात नाही. आई तर मुळीच नाही.

आणि ती ओरडत नाही. हळू बोलते. शांत खोलीत बोलावं तशी.

ही कॅसेट परवा भरलेली नाही. होळीच्या आधीची आहे. थंडीतली. शेवग्याची फांदी तुटली ती कधी, मी आता पुरुषोत्तमभाऊंच्या मुलीला पत्र टाकून विचारू शकते, पण विचारणार नाही. तुम्ही ती जपून ठेवली होती, आणि मी मागितल्यावर काढून दिली. का जपून ठेवली होती?

जी बाई या टेपमध्ये बोलते ती आज आहे की नाही, एवढंच मला माहीत नाही.

रेखाकडे गेले. डॉक्टर नरेंद्रांना आधीच्या फोनमधला तो जड आवाज सांगितला, शब्द ओढून बोलणं सांगितलं. एरवी फार बोलणारा माणूस. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "उपासना, कवळीने असं होत नाही. तू जाऊन ये." कुठे, ते म्हणाले नाहीत.

तुला फोन करणार नाही. तू म्हणशील झोपलीय. वहिनी म्हणतील अंघोळीला गेल्यात. तुम्ही लबाड नाही, म्हणून तुम्हाला हे जमत नाही. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही हा आपल्याकडचा नियम मला माहीत आहे. बाबांच्या वेळी माझी परीक्षा होती म्हणून मला नऊ दिवसांनी कळवलं होतं. तेव्हा परीक्षा होती, आता सुट्टी आहे. एवढाच फरक.

परवाचं विमान मिळालंय. बॉस्टन, लंडन, मुंबई, नागपूर. छोट्या बॅगेत मावेल एवढंच घेतलंय. पहिल्यांदा दोरी न बांधता येतेय.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी तुझ्या ओट्यावर असेन. मग लिहायचं कशाला? दोन वर्षांत तुझ्याशी लेखी भांडायची सवय झालीय. समोर आले तर काय बोलावं सुचणार नाही.

त्या खोलीतला कूलर चालू असू दे. मला रस्त्यावरून ऐकू येऊ दे.

उपासना

---

श्रूजबरी
७ जुलै १९९६

दादा,
सप्रेम जयभीम.

आम्ही पोचलो. मायोर्काहून, म्हणतेय.

मी परत निघाले तेव्हा तू स्टेशनवर मला मुंबईच्या गाडीत बसवायला आलास आणि खिडकीतून फक्त "जा" म्हणालास. 'जावे' नाही. त्यामुळे गेले. नाहीतर अनुपने तिकिटं रद्द करायला काढलीच होती. मला तर आईला जाऊन तीन आठवडे होत नाहीत तोवर निळ्या पाण्याचं नावही घ्यायची लाज वाटत होती.

तुझ्यावरचा माझा राग कूलरपाशीच संपला होता, हे तिथे बोलायचं राहिलं. मी रिक्षातून उतरले, कूलर ऐकला, आणि दारातच मला वाटलं, आहे. मग आत येऊन आईला पाहिलं. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली, पण डोळ्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं आणि छोट्या बॅगेवर नजर ठेवून डाव्या हाताने विचारलं, एवढीच? त्या दिवसांपुरती मला माझी आई मिळाली. कुणाला सांगितलं तर म्हणतील, बोलतही नव्हती, काय मिळाली? त्यांनी आईचा डावा हात पाहिलेला नाही. शेवटच्या दिवसापर्यंत त्या हाताने तुझ्याकडून पाणी, वहिनींकडून कंगवा आणि माझ्याकडून कबुली घेतली की मी समुद्रावर जाईन.

वहिनींनी सांगितलं ते मी विमानभर उगाळत आले. जानेवारीअखेर पहिला झटका आला, हलका. डॉक्टर म्हणाले, दुसरा येऊ शकतो. आणि आईने काय केलं, तर वहिनींना टेप लावायला सांगून आठवड्यात तीन कॅसेटी भरल्या. वर्षाचं तिखट कुटून ठेवावं तशा. "पोरगी पहिल्यांदा कुठं फिराले चालली, तिले सांगू नोका. मागंल तं एकेक धाडत जा." होळीपासून तिची जीभ जड झाली, जयंतीच्या आधी दुसरा झटका आला, पण तोवर तुम्हा दोघांना तिने खोटं बोलायच्या कामाला लावलं होतं. एरवी सगळ्यांना कामाला लावायची तसंच. आणि तू ते करताना परिपत्रकाच्या भाषेत लिहायला लागलास, कारण तुझ्या स्वतःच्या भाषेत तुला खोटं लिहिता येत नाही. हे मला मार्चमध्येच कळायला हवं होतं.

उरलेल्या दोन कॅसेटी तुझ्याकडेच असू देत. मला सध्या नकोत. तुलाही लगेच लावायची गरज नाही.

बेटाचं सांगते. भूमध्य समुद्र अत्यंत सभ्य आहे. आवाजच करत नाही. हॉटेलसमोरच्या किनाऱ्यावर पाणी यायचं आणि माफी मागितल्यासारखं परत जायचं. मी दोन दिवस टेपरेकॉर्डर घेऊन फिरले आणि कॅसेटच्या कोऱ्या बाजूवर जर्मन पर्यटकांच्या खोकल्याशिवाय काही भरेना. तेवढं पुसून टाकलं. शेवटी हॉटेलातला एक वेटर म्हणाला, वर उत्तरेला जा, तिकडे खडक आहेत. बसने गेलो. अनुप त्या हाफ पँटमध्ये. खडकांवर लाट आदळत होती आणि फटींतून असा आवाज येत होता, की कुणीतरी घशाशी आलेलं गिळून टाकतंय आणि ते पुन्हा वर येतंय. हर्षिताने रेकॉर्डर पाण्याच्या वर धरला. मी तिला म्हटलं, काही बोलायचं असेल तर बोल. ती म्हणाली, "नो, मॉम. आजीला समुद्र पाहिजे होता." हे मराठीत.

आम्ही तिथे बाजू संपेपर्यंत बसलो. तिथं आपलं कुणी नव्हतं. आईचं बरोबर होतं, बरं वाटतं.

रेखाची बॅग काल परत केली. आत मायोर्काचे बदाम घातले. तिने बॅग हातात घेऊन वजन केलं आणि आत नेली.

पाकिटात कॅसेट आहे. पहिली बाजू आईची, ती तुला पाठ असेल. दुसरी भरली आहे. लावशील तेव्हा तेवढा वेळ कूलर बंद ठेव.

तुझी,
उपासना